कारखाना कोणी बुडवला?

पनवेलच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा जागेसाठी आईने आणि मी साऱ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. दोघी बायका, बरोबर पुरुषमाणूस नाही, म्हटल्यावर घरमालकांचे प्रश्न सुरू व्हायचे. लग्न का नाही झालं, गाव कुठलं, मासळी करता का, पाहुणे फार येतात का. उत्तरं आम्हाला तोंडपाठ झाली होती. पण फोरमननी यातलं एकही विचारलं नाही. भर उन्हाळ्याच्या दुपारी ते ओट्यावर खाकी कोट घालून उभे होते, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून. आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "मुंबईतला मोटारींचा कारखाना बंद पडला, ठाऊक आहे?"

"पेपरात वाचलं होतं."

"मग सांगा, कोणी बुडवला?"

आईने मागून माझा पदर ओढला. माणूस ठीक दिसत नाही, चल, असा त्याचा अर्थ. पण मी थकले होते. म्हटलं, "मला नाही सांगता यायचं. मी कुठे तिथे होते?"

त्यांनी जरा विचार केला, दाराच्या फळीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "पास. सामान आणा."

पुढे कळलं की आमच्याआधी दोघातिघांना त्यांनी त्याच प्रश्नावर परत पाठवलं होतं. एकाने सरकारचं नाव घेतलं, एकाने कंपनीचं. एक हुशार निघाला. त्याने गल्लीत चौकशी करून फोरमनना हवं ते उत्तर दिलं, "कामगारांनी बुडवला." त्यालाही जागा मिळाली नाही. "माझं तोंड बघून बोलला," फोरमन म्हणाले. "रिजेक्ट."

त्यांना सगळं पनवेल फोरमन म्हणूनच ओळखायचं. जन्म पनवेलचाच. वडील सुतार, बैलगाडीची चाकं करायचे. मुलगा मुंबईला गेला आणि एका परदेशी कंपनीच्या मोटारीच्या कारखान्यात चिकटला. तिथे बोटीने मोठमोठी खोकी यायची, खोक्यांत मोटारीचे सुटे भाग. ते कामगारांनी रांगेने जोडत जायचे आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला अख्खी मोटार बाहेर पडायची. फोरमनच्या हाताखाली दारं बसवायचं काम होतं. मोटारीचं दार लागल्याचा आवाज कसा यावा यावर ते अर्धा तास बोलू शकत. खट् वाजलं तर सैल, धप् वाजलं तर घट्ट, या दोहोंच्या मधला एक आवाज असतो आणि तो ऐकायला जन्म जावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घराची सगळी दारं त्यांनी स्वतः बसवली होती आणि त्यांना मोटारीचा गडद तांबडा रंग दिला होता. इतका चकचकीत की मी त्यात बघून कुंकू लावायचे.

मग सरकारने ठरवलं की नुसती खोकी आणून जोडाजोड करायची नाही, भाग इथेच बनवा, नाहीतर जा. कंपनी गेली. हे झालं पेपरातलं. फोरमनच्या घरात याच्या दोन वेगळ्या कथा होत्या आणि त्या रोज संध्याकाळच्या चहाला ओट्यावर सांगितल्या जात.

कारण त्याच घरात त्यांचा जावई राहत होता. दत्ताराम सुकापूरचा, सुताराचाच मुलगा. फोरमननीच त्याला कारखान्यात लावलं, आपल्याच हाताखाली घेतलं, हात चांगला बघून आपली एकुलती एक मुलगी वत्सला दिली. कारखाना बंद झाला तेव्हा फोरमन तसे निवृत्तीलाच आले होते. दत्ताराम तिशीतला. मुंबईची खोली सोडून नवराबायको सासऱ्याच्या घराच्या मागच्या भागात येऊन राहिली. भातगिरणीचा हंगाम असला की दत्तारामला इंजिनावर काम मिळायचं. एरवी तो सासऱ्याच्या घरात सासऱ्याचं जेवायचा, आणि संध्याकाळी सासऱ्याशी भांडायचा, कारण तो युनियनचा माणूस होता.

"तुम्ही हत्यारं खाली ठेवलीत त्या दिवशी साहेबाने कंपनीला तार केली," फोरमन म्हणायचे. "बोनस पाहिजे, सुट्टी पाहिजे, पंखा पाहिजे! घ्या आता पंखा!"

"सायबाला हितं कारखाना करायचाच नवता, मामा," दत्ताराम शांतपणे बोलायचा. "खोकी फोडायची, जोडायची, इकायची, नफा तिकडं धाडायचा. सरकार बोललं, हितं बनवा. मंग गेला पलून."

"सरकारला काय कळतंय मोटारीतलं? तुमच्या रोजच्या कटकटीला साहेब कंटाळला."

"सायेब कंटाळत नाय. सायेब हिशोब करतो."

त्या दिवसांत गावभर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा होत होत्या, भिंती घोषणांनी भरल्या होत्या. आमच्या ओट्यावर मात्र एकच राजकारण. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, म्हणून दोघंही मधूनमधून माझ्याकडे वळायचे, "बाई, तुम्हीच सांगा." मी चहाचे कप उचलून आत जायचे. वत्सला आत चुलीपुढे बसलेली असायची. ती एकदा म्हणाली, "मला वाटायचं, कारखाना सुटला म्हणजे निदान घरात तरी कारखाना नसेल."

तो तर जास्तच होता. फोरमनना प्रत्येक गोष्ट पास करायची नाहीतर रिजेक्ट. भाजी, रांगोळी, माझ्या छत्रीचा दांडा, समोरच्यांची नवी सून. आई म्हणायची, हा माणूस वर गेला की देवालाही बोटाने टकटक करून बघेल. आणि कुठलंही काम रांगेत, एका माणसाला एकच काम. एका गणेश चतुर्थीला त्यांनी मोदकांची लाईन लावली. स्वयंपाकघरात पाटांची रांग. वत्सलाने उकड मळायची, मी गोळे करायचे, शेजारच्या काकूंनी पारी करायची, आईने कळ्या पाडायच्या. दत्ताराम टोकाला नारळ खोवत बसलेला. फोरमन मागे हात बांधून फिरत होते. सुरुवातीला आम्ही हसत होतो. खरंच भराभर मोदक होत होते. मग त्यांना चेव आला. "हात चालवा, हात चालवा, मागची थांबलीय!" उकड गरम, आईचं वय झालेलं. तिने घाईने बोट घातलं आणि 'आई गं' करून हात झटकला.

दत्तारामने खोवणी बाजूला सारली. "मामा, लायनीचा जोर वाढवला का मानसाची बोटं जातात. आमी तुमच्या सायबाला तेच सांगत होतो."

"आणि सांगता सांगता कारखाना घालवलात!"

"आमी घालवला? तुमी शिट्टी वाजवत मागं उभं राहायचं, नि आमी..."

"अरे, माझ्या शिट्टीवर तुझं घर चालत होतं!"

हे शेवटचं वाक्य चार बायकांसमोर. दत्ताराम उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. वत्सलाने आईचं बोट गार पाण्यात धरलं आणि वर न बघता म्हणाली, "घरात गणपती आहेत, बाबा." फोरमननी मागे बांधलेले हात सोडले. पाटावर बसले आणि उरलेल्या मोदकांना स्वतः कळ्या पाडू लागले. सुताराचा हात, सुंदर पाडल्या. पण कोणी पास म्हणालं नाही.

तरी मला त्या दोघांबद्दल काही निराळंही ठाऊक आहे. मुंबई-पुण्याच्या मोटारी पनवेलवरून जायच्या, घाटाच्या आधी पाणी भरायला थांबायच्या. फोरमन सकाळचे रस्त्याकडेला जाऊन बसत. त्यांच्या कारखान्यातली मोटार आली की उठायचे, मालकाला न विचारता दार उघडायचे, लावायचे, कान देऊन ऐकायचे. एकदा एका शेठजीची मोटार होती. मी शाळेत चालले होते. फोरमन कोटाच्या बाहीने दार पुसत म्हणत होते, "हे आमचं. हे मी पास केलेलं." शेठजींनी काच खाली केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "त्या वेड्याला बाजूला कर." ड्रायव्हरने दंडाला धरून त्यांना ढकललं. तेवढ्यात दत्ताराम कुठून आला कोण जाणे. त्याने ड्रायव्हरचा हात धरून खाली केला, नुसता खाली केला, आणि शेठजींना म्हणाला, "शेट, तुमचं मागचं डावं दार सैल झालंय. वाजतंय. यांनाच दाखवा, नायतर घाटात उघडंल." मग सासऱ्याचा हात धरून घरी घेऊन आला. संध्याकाळी ओट्यावर दोघं नेहमीसारखे भांडले. सकाळचा विषयही कोणी काढला नाही.

हे असंच चालत राहिलं असतं, पण गफूरमिस्त्री आले.

गफूरमिस्त्री कारखान्यातल्या रंगखात्याचे फोरमन. बहिणीला भेटायला तळोज्याला चालले होते, वाटेत जुन्या दोस्ताकडे उतरले. ओट्यावर चहा झाला, दोघांनी एकमेकांचे केस पिकल्याची थट्टा केली. मी पायरीवर वह्या तपासत होते. दत्ताराम गिरणीतून आला, केसांत भाताचा कोंडा. त्याने मिस्त्रींना हात जोडले आणि खांबाला टेकून बसला. त्याला बघून फोरमनना जोर चढला. "बघ गफूर, हे आमचे पुढारी! दिवाळीला संप केला आणि कारखान्याला टाळं लावलं!"

गफूरमिस्त्री हसले. साधा माणूस, त्यांना या घरातलं काय ठाऊक? "अरे यार, दिवाळीच्या संपाचं काय घेऊन बसलास? साहेबाने आपल्याला त्याआधी भर पावसातच नव्हतं सांगितलं? केबिनीत बोलावलं, चहा पाजला, पंखा स्वतःच्या हाताने आपल्याकडे फिरवला. म्हणाला, सरकारचा कायदा आला, आता आम्ही राहत नाही. खोकी संपेपर्यंत बाहेर बोलू नका. याद नाही तुला? बेचारे पोरगे तर नंतर बोनस मागायला उठले. कारखाना तर आधीच गेला होता."

मी वहीतून मान वर केली. फोरमन कपाकडे बघत होते.

"भर पावसात?" दत्तारामने विचारलं.

मिस्त्रींनी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मामा," दत्ताराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "गोदीच्या वर्कशापातनं मला बोलावनं आलं ते त्याच सालच्या गनपतीत. कायमची नोकरी. मी तुमाला इचारलं. तुमी बोललात, हातची सोडून कुठं चाल्लास. ही कंपनी तुझ्या नातवांना पोसंल."

"साहेबाला शब्द दिला होता," फोरमन म्हणाले.

"आनि मी कोन?"

वत्सला दारात उभी होती. पदराला हात पुसत होती, पुसतच राहिली. "बाबा, मीपण विचारलं होतं. ऋषिपंचमीच्या दिवशी. हे एवढं म्हणतायत तर जाऊ दे का, म्हणून. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंत, काळजी करू नको."

त्या क्षणी फोरमन काही बोलले असते, चुकलो म्हणाले असते, नुसती मान खाली घातली असती तरी पुढचं वेगळं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पण त्यांनी कोट सारखा केला आणि मान ताठ करून म्हणाले, "साहेबाने बंद होणार एवढं सांगितलं. का बंद होणार, ते तुमच्यामुळेच. आदल्या वर्षी केला नव्हतात संप? मग?"

"बस कर रे," गफूरमिस्त्री म्हणाले. "खुदा के वास्ते, बस कर."

दत्ताराम उठला आणि आत गेला. सकाळी दोघं निघाली. एक ट्रंक, एक वळकटी. वत्सला माझ्या आईच्या पाया पडली, वडिलांच्याही पडली. फोरमन आतल्या खोलीत बसून राहिले. दत्ताराम ओट्याखाली उभा होता. त्याने वर पाय ठेवला नाही, आणि नंतरही त्या घरात कधी ठेवला नाही.

आधी तो आपटा गावाच्या बाजूला रस्त्याच्या कामावर रोलर चालवत होता असं कळलं. मग खोपोलीकडे एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. वत्सला वर्षातून एकदोनदा यायची, सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने जायची. वडिलांचे कपडे धुवायची, डबे भरायची, त्या विषयावर चकार शब्द काढायची नाही.

फोरमन आता संध्याकाळी ओट्यावर एकटेच बसत. वाद घालायला कोणी नव्हतं. आई म्हणायची, बोलव बाई त्यांना आत, चहा तरी पिऊ दे. ते यायचे, कप संपवायचे, उठून जायचे. भाजी पास की रिजेक्ट, तेही विचारावं लागायचं.

एका रविवारी ते रस्त्याने घरी येताना दिसले ते अर्ध्या गालावर साबण घेऊन. लोक वळून बघत होते. मागून न्हावी वस्तरा घेऊन धावत आला. त्याने जे सांगितलं ते असं. दुकानात एक वकील बसले होते, गावातले मोठे भाषण करणारे. फोरमनना बरं वाटावं म्हणून म्हणाले, "तुमचंच खरं निघालं हो फोरमन. या युनियनवाल्या हरामखोरांनीच कारखाना बुडवला." फोरमन खुर्चीतून उठले. "तुम्ही होतात तिथे?" ओरडले. "कधी पाना धरलाय हातात? माझा जावई युनियनचा होता. त्याच्यासारखं दार बसवणारा माणूस साऱ्या मुंबईत नव्हता. हरामखोर कोणाला म्हणता?" आणि तसेच निघाले.

न्हाव्याने त्यांना ओट्यावर बसवून उरलेली दाढी केली. ते डोळे मिटून होते. मी धीर करून म्हटलं, "हे दत्तारामना कळवू का?" त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. नाही.

त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा वत्सला महिनाभर येऊन राहिली. उजवी बाजू गेली होती. बोलणं जड झालं होतं, पण लक्ष देऊन ऐकलं तर समजायचं. तिने लहान मुलासारखं त्यांचं सगळं केलं. मग दत्तारामचा सुकापूरचा एक चुलतभाऊ त्यांच्याजवळ राहायला तयार झाला आणि तिने परत जायचं ठरवलं. दत्ताराम तिला न्यायला येणार होता, स्टँडपर्यंत. पुढच्या शिमग्याला फोरमन गेले. त्या दिवशी तो आला होता. खांदा दिला आणि स्मशानातूनच परत गेला. पण मला जे सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, त्या एस.टी. स्टँडवरचं.

निघायच्या दिवशी फोरमननी हट्ट धरला, मलाही स्टँडवर न्या. वत्सला नको म्हणत होती. ते ऐकेनात. डाव्या हाताने कोट दाखवत राहिले. शेवटी तिने त्यांना कोट घातला, बटणं लावली, आणि आम्ही दोघींनी टांग्यात बसवून नेलं. वाटेत वत्सलाने एकदाच माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी काहीतरी आशा होती. मलाही वाटत होतं, आज बोलणार.

दत्ताराम स्टँडच्या छपराखाली उभा होता. कानशिलं पांढरी झाली होती. टांगा बघून तो क्षणभर थबकला. मग पुढे आला, वत्सलाची ट्रंक उतरवून घेतली. फोरमनचं धोतर टांग्याच्या पायरीला अडकलं होतं ते वाकून सोडवलं. त्याच वाकण्यात त्यांच्या पायाला हातही लागला, नमस्कार म्हणायचा तर नमस्कार. मग उभा राहिला. दोघं एकमेकांकडे बघत होते. फोरमनचे ओठ हलू लागले. एक बाजू हलायची, दुसरी नाही. दत्ताराम आणखी जवळ आला, कान पुढे केला.

"संप," फोरमन म्हणाले. श्वास घेतला. "तो संप... केला नसतात... तर..."

वत्सलाने तोंड फिरवलं.

दत्ताराम कितीतरी वेळ तसाच वाकून उभा होता. त्याच्या तोंडावर मला राग दिसला नाही. पूर्वी ओट्यावर तो ज्या झटक्याने उत्तर द्यायचा, तसं काहीतरी त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मी बघितलं. पण त्याने ते गिळलं. "मामा," तो म्हणाला, "गाडी लागली." ट्रंक खांद्यावर घेतली आणि गेला. वत्सला त्याच्या मागून गेली. खिडकीतून तिने हात केला तो मला.

परतताना मला राहवेना. टांगा वडाळे तळ्याच्या कडेने चालला होता. त्यांच्या तोंडातून लाळ येत होती, ती मी रुमालाने पुसत होते आणि मनातून फार चिडले होते. म्हटलं, "फोरमन, एवढ्या वर्षांनी भेट झाली. पुन्हा होईल न होईल. तेच का बोललात? दुसरं काही नव्हतं बोलायला?"

ते तळ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, समजलं नसेल. मग त्यांनी एकेक शब्द जुळवत उत्तर दिलं.

"दुसरं... काय बोलणार, बाई? तेवढंच तर... आम्ही दोघं... बोलत होतो. मला वाटलं... तो उत्तर देईल."